बोटांखालची बाराखडी

'आणि' न वापरता मराठीत एक पान लिहून दाखवणे अवघड आहे. हा शब्द इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर कसा उमटतो ते पाहा. उजव्या करंगळीने शिफ्ट दाबून धरायची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाने वरच्या ओळीतली, इंग्रजीत जिथे 'ई' असते ती कळ दाबायची. 'आ' आला. शिफ्ट तशीच धरून तेच बोट दोन ओळी खाली, इंग्रजी 'सी'च्या कळीवर न्यायचे. 'ण' आला. मग शिफ्ट सोडून शेजारच्या तर्जनीने ऱ्हस्व वेलांटी. तिन्ही कळा डाव्या हाताच्या, त्यांतल्या दोन एकाच बोटाच्या, आणि त्या दोन्ही शिफ्टसह. उजव्या हाताला शिफ्ट धरण्यापलीकडे काम नाही.

हे पुस्तक अशा हिशेबांचे आहे. कोणते अक्षर किती वेळा येते, त्याच्यामागून कोणते येते, ते कोणत्या बोटाच्या वाट्याला जाते, त्या बोटाला किती फिरावे लागते. आणि हे सोयीचे नसेल तर आपल्यापुरते कसे बदलता येते. रोजचे काम म्हणून मराठी टाइप करणाऱ्यांसाठी ते लिहिले आहे: उपसंपादक, अनुवादक, कचेरीतले लिपिक, तहसीलीबाहेर अर्ज टाइप करून देणारे, प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात अडकलेले विद्यार्थी. गोव्यात देवनागरीतून कोकणी लिहिणाऱ्यांनाही त्यातले बरेच काही उपयोगी पडेल. ज्यांचे लिहिणे दोन ओळींच्या निरोपापुरते आहे त्यांना फोनशी बोलून काम भागवता येते, आणि त्यांनी खुशाल तसे करावे. पण बोलून लिहिलेले दुरुस्त करायला शेवटी बोटेच लागतात, आणि संपादन करणाऱ्याचा दिवस दुरुस्तीतच जातो.

मूळ इंग्रजी कीबोर्डाची हकिगत थोडक्यात सांगायला हवी, कारण तिच्याभोवती दंतकथा फार आहेत. मिलवॉकीचे मुद्रक आणि वृत्तपत्र-संपादक ख्रिस्तोफर लॅथम शोल्स यांनी दोन सहकाऱ्यांसह १८६८ साली टाइपरायटरचे पेटंट घेतले. पुढे ते यंत्र बंदुका बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीकडे गेले आणि १८७४ साली बाजारात आले. क्वर्टी ही त्याच घराण्याची मांडणी. टायपिस्टचा वेग मुद्दाम कमी करण्यासाठी अक्षरे अशी विखुरली, असे आपण सगळ्यांनी ऐकलेले असते. जरा सभ्य आवृत्ती अशी की, अक्षरे उमटवणारे शेजारचे दांडे एकमेकांत अडकू नयेत म्हणून सतत जोडीने येणारी अक्षरे दूर ठेवली. मग 'ई' आणि 'आर' शेजारी-शेजारी कसे? इंग्रजीत ही जोडी सुलट-उलट दोन्ही क्रमांनी पानोपानी येते. कोइची आणि मोतोको यासुओका या जपानी संशोधकांनी २०११ साली वेगळाच धागा पुढे आणला: सुरुवातीच्या बदलांमागे मोर्सचे संदेश ऐकून टिपणाऱ्या तारमास्तरांच्या गरजा होत्या. मला मात्र यातली एक साधी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. शोल्सने ही मांडणी दहा बोटांनी, न पाहता टाइप करणाऱ्या माणसासाठी केलेलीच नव्हती. तसे टाइप करण्याचा बोलबाला फ्रँक मॅकगरिनने १८८८ साली सिनसिनाटीतली स्पर्धा जिंकल्यावर झाला. तोवर कळा जागच्या जागी बसलेल्या होत्या.

दहा बोटांचा विचार करून इंग्रजीची मांडणी नव्याने आखणारे सगळ्यांत प्रसिद्ध नाव ऑगस्ट ड्वोरॅक. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ते शिक्षणशास्त्र शिकवत. विल्यम डीली यांच्यासह त्यांनी १९३६ साली पेटंट मिळवले. स्वर सगळे डाव्या हाताखाली, बहुतेक नेहमीची व्यंजने उजव्या, म्हणजे हात आलटून-पालटून चालतील. आणि सर्वांत जास्त लागणारी अक्षरे मधल्या ओळीत, जिथे बोटे एरवीही टेकलेली असतात. इंग्रजी मजकुरातली सुमारे ७० टक्के अक्षरे या ओळीतच भागतात, क्वर्टीत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास राहते. कागदावर हा निकाल एकतर्फी वाटतो. प्रत्यक्षात तसा तो लागला नाही. १९४४ च्या अमेरिकी नौदलाच्या चाचणीत ड्वोरॅक मांडणी सरस ठरली, पण स्वतः ड्वोरॅक तेव्हा नौदलात अधिकारी होते, हे टीकाकारांनी नंतर दाखवून दिले. १९५६ साली अर्ल स्ट्राँग यांनी सरकारी कचेऱ्यांसाठी केलेल्या चाचणीत क्वर्टीवर मुरलेल्यांना पुन्हा शिकवण्यात फायदा दिसला नाही. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी या भांडणात उडी घेतली. वाईट मांडणीही आधी रुजली म्हणून टिकून राहते, याचे उदाहरण म्हणून पॉल डेव्हिड यांनी १९८५ साली क्वर्टीवर बोट ठेवले, तर लीबोविट्झ आणि मार्गोलिस यांनी १९९० साली हे उदाहरणच मुळात खोटे असल्याचे लिहिले.

या वादात मी कुणाच्याच बाजूने नाही, कारण वाद वेगाचा आहे. समोरचा कागद पाहून नक्कल उतरवणाऱ्या टायपिस्टला मिनिटाला किती शब्द, हे मोजण्यात अर्थ असतो. स्वतःचे वाक्य जुळवत लिहिणाऱ्याचा वेळ बोटे खात नाहीत, वाक्य खाते. त्याला हवे असते ते इतकेच की, बोटे कुठे जातात याची जाणीव होऊ नये आणि संध्याकाळी मनगट दुखू नये. २००६ साली शाय कोलमन यांनी आखलेली कोलमॅक मांडणी मला या दृष्टीने जास्त समजूतदार वाटते. तिने क्वर्टीतल्या १७ कळा तेवढ्या हलवल्या आणि कापणे, नक्कल करणे, चिकटवणे यांसाठी लागणाऱ्या कळा जागेवर ठेवल्या. बदल करायचा तर किती करायचा, हा प्रश्न तिने आधी विचारला.

इंग्रजीबाहेर पाहिले की आणखी एक गोष्ट दिसते. इहसान सत्का येनेर यांनी तुर्की भाषेतल्या अक्षरांची वारंवारता मोजून १९५५ साली 'एफ' मांडणी बसवली आणि तुर्कस्तानने ती स्वीकारली. आज तिथल्या बहुतेक लॅपटॉपांवर क्वर्टीचाच तुर्की अवतार असतो ही गोष्ट वेगळी. पण त्या भाषेसाठी एकदा तरी मोजणी झाली. फ्रान्समध्ये हौशी लोकांनी मिळून घडवलेल्या बेपो मांडणीला २०१९ साली तिथल्या मानक संस्थेने अझर्टी या तिथल्या रूढ मांडणीच्या सुधारित रूपाच्या जोडीने स्थान दिले. मराठीसाठी अशी मोजणी करून, फक्त मराठीच्या सोयीने आखलेली आणि सर्वत्र मिळणारी मांडणी आपल्या हाताशी नाही. आपल्याला जे मिळाले ते दुसऱ्या कशाच्या तरी सोयीने आखलेले होते.

आधी यंत्राच्या सोयीने. गोदरेजने १९५५ साली देशी टाइपरायटर बाजारात आणला, आणि त्यावर नि रेमिंग्टनवर मराठी टाइप करणाऱ्यांच्या पिढ्या तयार झाल्या. टाइपरायटरला भाषा कळत नाही, आकार कळतो. चाळीस-पंचेचाळीस कळांवर सगळी देवनागरी बसवायची म्हणून अक्षरे तोडावी लागली. ख, थ, भ यांची उभी रेघ काढून घेतलेले अर्धे रूप एका कळीवर, काना दुसरीवर. दोन्ही मारले की अक्षर पूर्ण. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून आधी मारायची आणि रफार अक्षर झाल्यावर. उकारासारख्या चिन्हांच्या कळा दाबल्या तरी गाडी पुढे सरकत नसे. त्या यंत्रावर लोकांनी जो वेग कमावला तो पाहून आजही थक्क व्हायला होते. संगणक आल्यावर हीच सवय फॉन्टांमध्ये उतरली. प्रत्येक फॉन्टाची संकेतरचना निराळी, त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा. त्या काळातल्या कितीतरी छापील पुस्तकांच्या मूळ फाइली आज अशाच अवस्थेत पडून आहेत.

मग सर्व भारतीय भाषांच्या सोयीने. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली समान कीबोर्डाचा आराखडा केला, दोन वर्षांनी तो सुधारला, आणि १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकात तो इन्स्क्रिप्ट म्हणून पक्का झाला. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्रज्ञानाबरोबर तो कचेऱ्यांत पोहोचला. इन्स्क्रिप्टची निंदा करणारे बहुतेक जण तो न शिकताच ती करतात, असा माझा अनुभव आहे. त्याची रचना सुरेख आहे. मात्रा आणि स्वर डावीकडे, व्यंजने मुख्यतः उजवीकडे, म्हणजे ड्वोरॅकचेच तत्त्व, आणि ते देवनागरीला इंग्रजीहून अधिक मानवणारे. क वर शिफ्ट दाबली की ख, ग वर घ, त वर थ, प वर फ. मात्रेच्या कळीवर शिफ्ट दाबली की तो स्वर. शाळेत वर्णमाला शिकलेल्या माणसाला एका बैठकीत नकाशा समजतो. शिवाय अक्षरे बोलण्याच्या क्रमाने टाइप होतात, दिसण्याच्या नव्हे. त्यामुळे यंत्रात शब्द शुद्ध साठवला जातो. आणि मराठीत हात बसला की गुजराती, बंगाली किंवा कन्नडही त्याच कळांवर उमटते.

मात्र सगळ्यांसाठी समान म्हणजे कुणाच्याच मापाचे नाही. ण घ्या. हिंदीत तो मुख्यतः संस्कृत शब्दांपुरता येतो, म्हणून त्याला म च्या डोक्यावर शिफ्टमध्ये बसवणे वावगे नाही. मराठीत आणि, पण, म्हणून, कोण यांच्याखेरीज प्रत्येक क्रियापदाचे -णे, -णार, -ण्यासाठी त्याच्यावर उभे आहे. उलट नुक्ता, जो मराठीला लागतच नाही म्हटले तरी चालेल, त्याला शिफ्टशिवायची स्वतंत्र कळ दिलेली आहे. रोज लागणारी हळद वरच्या फळीवर आणि वर्षातून एकदा काढायचे दगडफूल हाताशी, असा हा संसार. काना हे मराठीत सर्वांत जास्त वापरले जाणारे चिन्ह, पण तो मधल्या ओळीत नाही. म आणि न ही अतिशय लागणारी व्यंजने खालच्या ओळीत आणि तीही डाव्या हाताकडे आहेत, म्हणून 'मी', 'माने', 'नेमाने' हे शब्द एकाच हाताने लिहिले जातात आणि हात आलटण्याचे तत्त्व तिथे मोडते. 'च्या' पाहा: च उजव्या करंगळीवर, हलन्त डाव्या मधल्या बोटावर, य पुन्हा उजव्या करंगळीवर पण खालच्या ओळीत, काना पुन्हा डाव्या मधल्या बोटावर पण वरच्या ओळीत. पाचांतली सर्वांत दुबळी करंगळी, आणि मराठीतला सर्वांत कष्टाळू प्रत्यय तिच्या डोक्यावर.

रोमन अक्षरांत लिहून देवनागरी मिळवण्याच्या सोयींबद्दल या पुस्तकात एकच प्रकरण आहे, आणि ते छोटे आहे. त्या सोयींनी लाखो लोकांना मराठीत लिहिते केले हे खरे. पण तिथे बोटे आधी इंग्रजी हिज्जे करतात आणि यंत्र अंदाज बांधते; ळ साठी एका ठिकाणी एक खूण, दुसऱ्या ठिकाणी दुसरी. अंदाज चुकला की हात थांबतो आणि डोळे यादीत शब्द शोधतात. दिवसभर लिहिणाऱ्याला ते परवडत नाही. फोनवरच्या टायपिंगचा विचार वेगळा करावा लागतो, कारण तिथे दहा बोटे नसतात. मुंबईच्या आयआयटीत अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेले स्वरचक्र हे त्याचे चांगले उदाहरण: व्यंजनावर बोट टेकले की भोवती मात्रांचे चक्र उघडते. संगणकाच्या कीबोर्डाची नक्कल न करता लिपीच्या घडणीतून निघालेली ती कल्पना आहे.

आता मोजणीकडे. देवनागरीत 'अक्षर' मोजून उपयोग नाही, कारण 'त्या' हे एक अक्षर असले तरी त्याला चार कळा लागतात: त, हलन्त, य, काना. मोजायच्या त्या युनिकोडमधल्या खुणा, आणि त्यांच्या जोड्या. कुणाचा मजकूर मोजायचा, यावर निकाल बदलतो. वृत्तपत्रात 'म्हणाले' भरपूर, न्यायालयीन कागदात 'प्रतिवादी' आणि 'अर्जदार', संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या फायलींत कंस आणि अर्धविराम. म्हणून माझा आग्रह असा की मोठाले संग्रह उतरवून घेण्याआधी स्वतः लिहिलेला मजकूर मोजावा. फक्त जुन्या फॉन्टांतून रूपांतरित केलेला भाग बाजूला काढावा. त्यात 'दऱ्या'तला ऱ्य दोन-तीन तऱ्हांनी साठवलेला असतो आणि मोजणी बिघडते.

मोजणी हाती आली की संगणकालाच उत्तम मांडणी शोधायला सांगावे, असा मोह होतो. इंग्रजीची २६ अक्षरे २६ कळांवर ठेवण्याचे मार्ग चारावर २६ शून्ये इतके आहेत, तेव्हा सगळे तपासणे शक्य नाही. व्हँकुव्हरचे मार्टिन क्रिविन्स्की यांनी कार्पॅल्क्स या प्रकल्पात त्यासाठी धातू तापवून सावकाश थंड करण्याच्या प्रक्रियेवरून सुचलेली गणिती रीत वापरली: कळांची अदलाबदल करत राहायचे, श्रम कमी झाले तर बदल ठेवायचा, आणि सुरुवातीला अधूनमधून वाईट बदलही खपवून घ्यायचा, म्हणजे शोध एका कोपऱ्यात अडकत नाही. रीत उत्तम. पण श्रम म्हणजे काय, हे आकड्यात आपणच सांगायचे असते. करंगळीला किती दंड, एका बोटाने लागोपाठ दोन कळा मारल्या तर किती, हात आलटण्याला जास्त गुण की शेजारच्या बोटांनी ओघाने मारलेल्या कळांना? हे भार थोडे बदलले की 'सर्वोत्तम' मांडणी बदलते. कीबोर्डांच्या हौशी लोकांतली निम्मी भांडणे खरे तर या भारांची असतात, मांडणीची नसतात.

मी स्वतः नव्याने सगळे आखण्याच्या विरुद्ध आहे. इन्स्क्रिप्ट शिकलेल्याने तो ठेवावा आणि त्यात चार-सहा बदल करावेत, हे या पुस्तकाचे मुख्य सांगणे. त्यातला सर्वांत फलदायी बदल अक्षरे हलवण्याचा नाहीच. शब्दाच्या आरंभी मात्रा येऊ शकत नाही. मग मोकळ्या जागेनंतर कान्याची कळ दाबली, तर यंत्राने आपणहून 'आ' का देऊ नये? तसेच हलन्ताच्या कळीवर 'अ', ॅ च्या कळीवर 'ॲ'. एका मात्रेनंतर दुसरी येत नाही, म्हणून 'घेऊन' आणि 'बाई' यांतले स्वरही शिफ्टविना येतात. शिफ्ट उरते ती व्यंजनाला लागून स्वर येतो तिथे: मऊ, सई, चटई, आणि अर्थात मुंबई. ॲ चा आणखी एक फायदा असा की, तो अ आणि ॅ असा दोन तुकड्यांत न साठवता २००८ पासून युनिकोडमध्ये असलेल्या एकाच खुणेने साठवला जातो, आणि शोधताना शब्द सापडतो. ण ला नुक्त्याच्या कळीवर आणले, की 'आणि' शिफ्टशिवाय लिहिला जातो: डावा हात, उजवा, डावा. ती कळ करंगळीला जरा लांब पडते. तरी दोन ओळींच्या उडीपेक्षा बरी. उजव्या अंगठ्याच्या ऑल्ट-जीआरसोबत हलन्ताच्या कळीवर '्या' अख्खा बसवला, की 'च्या', 'त्या', 'ल्या', 'ण्या' यांतला य साठीचा करंगळीचा फेरा वाचतो.

यासाठी साधने मोफत मिळतात. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचा कीबोर्ड लेआउट क्रिएटर आहे, पण त्याला आधीचे अक्षर पाहून निर्णय घेता येत नाही. '्या' जमेल, आपोआप 'आ' जमणार नाही. त्यासाठी कीमॅन लागतो, जो संदर्भाचे नियम लिहू देतो. मॅकवर यूकलेली, लिनक्सवर एक्सकेबीच्या फाइली. लिनक्समध्ये मराठीसाठी सुधारित इन्स्क्रिप्टबरोबर कगप ही उच्चारानुसारी मांडणीही आधीपासून असते, ती एकदा पाहून घ्यावी.

इथे एक धोक्याची सूचना, कारण महागडे यांत्रिक कीबोर्ड घेणारे नेमके इथे फसतात. कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवत नाही, कळीचा क्रमांक पाठवतो. अक्षर कोणते ते संगणक ठरवतो. क्यूएमकेसारख्या फर्मवेअरने तो क्रमांकच कीबोर्डाच्या पोटात बदलता येतो. इंग्रजीसाठी कोलमॅक तिथे भरला, तर संगणकातला इन्स्क्रिप्ट आधीच फिरवलेले क्रमांक वाचतो आणि सगळी बाराखडी विस्कटते. इंग्रजीचा बदल संगणकात करा, किंवा कीबोर्डात मराठीसाठी न फिरवलेला वेगळा थर ठेवा. दुभंगलेले कीबोर्ड, अंगठ्याखालच्या जादा कळा, मधल्या ओळीतली कळ दाबून धरली तर कंट्रोल आणि सोडली तर अक्षर, हे सगळे खेळ शेवटच्या प्रकरणात आहेत. ते आनंदाचे आहेत आणि खर्चिकही. त्यांची वाट धरण्याआधी ण हलवून पाहावा.

नवी मांडणी बसेपर्यंत जुनी संगणकावरून काढू नये, आणि कचेरीच्या संगणकावर काही बसवायची परवानगी नसेल तर दोन्ही हातात ठेवण्याची तयारी असावी. बदल थोडे असले की ते जमते. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठीत मिनिटाला ३० शब्दांचा वेग लागतो आणि परीक्षेचा संगणक ठरलेलीच मांडणी देतो. परीक्षेला बसणाऱ्यांनी निकाल लागेपर्यंत हे पुस्तक कपाटात ठेवावे.